विनिपेगच्या गॅरेजचं दार

भाऊ, तुम्ही सप्टेंबरात धुळ्याहून इथे कॅनडात विनिपेगला येताय, भाड्याच्या घराला गॅरेज आहे आणि घरमालकीण म्हणते, थंडीआधी दाराची तयारी करून घ्या. दाराची कसली तयारी, हा तुमचा प्रश्न ११ वर्षांपूर्वी मलाही पडला होता. मी अमळनेरचा. आपल्याकडे थंडी म्हणजे मळ्यात भरीत-पार्टी. पारा ८-९ वर उतरला तर रावेर-यावलकडे केळीला चरका बसतो म्हणून बागेत शेकोट्या पेटतात. इथे जानेवारीत उणे ३० ची रात्र काही नवलाची नाही, आणि चरका बसतो तो दाराला.

हे दार आपल्या दुकानाच्या शटरसारखं वर जातं, पण गुंडाळत नाही. बिजागऱ्यांनी जोडलेले आडवे पत्रे चाकांवरून रुळात सरकतात आणि छताखाली आडवे होतात. वजन पेलते ती वरची जाड स्प्रिंग, मोटर नुसती ओढायचं काम करते. जमिनीला टेकते ती रबरी पट्टी, आणि खरी कटकट तिचीच.

गाडीवरचा बर्फ गॅरेजमध्ये वितळतो, पाणी ओघळून दारापाशी साचतं, रात्री गोठतं आणि पट्टी जमिनीला घट्ट धरते. पहिल्याच डिसेंबरात मी सकाळी बटण दाबलं. मोटर घुरघुरली आणि थांबली. मी आपलं परत दाबलं, मग आणखी एकदा. चौथ्या वेळी मोटरीतलं प्लॅस्टिकचं दातेरी चाक गेलं, पट्टी हातभर फाटली, आणि मी बसस्टॉपवर कुडकुडत उभा. दार चिकटलंय असं वाटलं की दुसऱ्यांदा बटण दाबूच नका. प्लॅस्टिकच्या पट्टीने बर्फ खरवडा किंवा हेअर ड्रायर फिरवा. कोमट पाणी ओतलंत तर दार सुटताच जागा कोरडी पुसा, नाहीतर तेच पाणी रात्री पुन्हा पट्टी धरेल. मीठ मात्र टाकू नका, काँक्रीट खराब होतं आणि दाराचा खालचा पत्रा गंजतो.

म्हणून ऑक्टोबरातच पट्टी दाबून बघा. कडक झाली असेल, तडे गेले असतील तर मालकिणीला लेखी कळवा आणि बदलून मागा. चांगली असेल तर पुसून सिलिकॉन स्प्रे मारा, म्हणजे बर्फ सहजी धरत नाही. बिजागऱ्या, चाकांचे बेअरिंग आणि स्प्रिंगवर गॅरेजच्या दारासाठी मिळतो तोच वंगणाचा स्प्रे. रूळ फक्त पुसायचे, त्यात तेल टाकलं की धूळ बसून चिखल होतो. आपल्याकडे शटरला हाताशी येईल ते ग्रीस थापतात, तसलं इथे थंडीत आळतं आणि चाकं जड फिरतात.

स्प्रिंगची परीक्षा सोपी. दार बंद असताना वर मोटरीच्या दांड्याला लोंबणारी लाल दोरी ओढून दार मोटरीपासून सुटं करा, दार हाताने कमरेएवढं उचला आणि हात हलकेच सैल करा. पाय खाली ठेवू नका. दार तिथेच राहिलं तर ठीक. खाली आलं किंवा वर पळालं तर माणूस बोलवा. पाना घेऊन स्टुलावर चढायचा आपला स्वभाव मला माहीत आहे, पण त्या स्प्रिंगमध्ये एवढा ताण असतो की हात मोडेल. थंडीत ती तुटतेही, आणि तुटली की गॅरेजात सुतळी बॉम्ब फुटल्यासारखा आवाज येतो. त्यानंतर दार उचलायच्या भानगडीत पडू नका.

दार खाली येऊन परत वर गेलं तर दोन्ही बाजूंना जमिनीलगत असलेले सेन्सर बघा, दाराखाली काही आलं तर दार परत वर नेतात ते. काचेवर दव नाहीतर बर्फ बसलेला असतो, मऊ फडक्याने पुसला की झालं. रिमोटचे सेलही थंडीत लवकर मान टाकतात.

आणि एक, दाराशी संबंध थोडाच, पण ऐका. गाडी गरम करायला गॅरेजात चालू ठेवू नका, दार उघडं असलं तरी नको. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो घरात शिरतो. गाडी बाहेर काढा, मग काय ते गरम करा.

घराचा ताबा मिळाला की पट्टीचा आणि स्प्रिंगचा फोटो पाठवा, बदलायला हवं का ते बघून सांगतो.