आधी वादकांचा तक्ता, मग पहिलं वाक्य

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतची आठ पानं वाचली. शॅडोफॅक्स हा अमेरिकी बँड न्यू एज, म्हणजे शांत, निवांत वाद्यसंगीत वाजवणारा, की जॅझ फ्यूजन, म्हणजे जॅझ आणि रॉकचं मिश्रण वाजवणारा, या एका प्रश्नावर तू आठ पानं खर्ची घातलीस आणि शेवटी 'मला आता काहीच कळेनासं झालंय' असं लिहून थांबलीस. कळेनासं होणारच. त्या आठ पानांत बँडमधला चक ग्रीनबर्ग काय वाजवायचा, हे एकदाही आलेलं नाही.

बँडचा इतिहास लिहायचा तर तीन गोष्टी आधी: कोणी वाजवलं, कशावर वाजवलं, केव्हा वाजवलं. प्रकाराचं नाव सगळ्यात शेवटी. तो शिक्का दुकानदार, कंपन्या आणि पुरस्कार देणारे मारतात आणि दर पाच-सात वर्षांनी बदलतात. तू बदलत्या शिक्क्याला खुंटा समजून त्याला दोर बांधते आहेस.

तेव्हा एक तक्ता कर. रकाने सात: अल्बम, ध्वनिमुद्रणाचं वर्ष, पहिल्या प्रकाशनाचं वर्ष, कंपनी, वादक, प्रत्येकाची वाद्यं आणि पुनर्प्रकाशन. शेवटचा रकाना गाळू नकोस. तुझी पहिली मोठी चूक तिथेच झाली आहे. 'वॉटरकोर्स वे' हा यांचा पहिला अल्बम १९७६ मध्ये पासपोर्ट रेकॉर्ड्सने काढला. विंडहॅम हिल या कंपनीने तो १९८५ मध्ये पुन्हा आणला. तू १९८५ धरलंस आणि मग लिहिलंस की 'बँड अचानक रॉककडे वळला'. कुणी कुठे वळलं नव्हतं. नऊ वर्षांपूर्वीचं वादन नव्या वेष्टनात आलं होतं. ऑनलाइन ऐकताना जे वर्ष दिसतं ते बहुतेक वेळा हातातल्या आवृत्तीचं असतं, म्हणून ते तक्त्यात पेन्सिलीने लिही. शाई मूळ रेकॉर्डचा कागद पाहिल्यावर.

आता हा तक्ता भरला की काय दिसतं बघ. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला शिकागोत तिघं एकत्र आले: सुषिर म्हणजे फुंकून वाजवायच्या वाद्यांवर ग्रीनबर्ग, गिटारवर जी. ई. स्टिन्सन, बेसवर फिल मॅजिनी. ड्रमर स्टुअर्ट नेविट नंतर आला. पहिल्या अल्बमवर कीबोर्ड्‌सना डग मालुचनिक आहे. बँडचं नाव टोल्किनच्या कादंबरीतल्या गँडाल्फच्या घोड्याचं, हे एका वाक्यात सांगून पुढे जा. तू त्यावर पाऊण पान लिहिलं आहेस, ते काढून टाक. त्या अल्बमवर इलेक्ट्रिक गिटार जोरात आहे, विषम मात्रांची चलनं आहेत आणि मध्येच सगळं थांबून हलक्या अकूस्टिक तुकड्यांना जागा मिळते. जॅझ-रॉक वाजवणाऱ्या महाविष्णू ऑर्केस्ट्राचा पहिला अल्बम १९७१ चा. त्याच्या पाठोपाठच्या पिढीची ही मुलं, आणि ते ऐकू येतं.

मग सहा वर्षं स्टुडिओ अल्बम नाही. १९८२ मध्ये 'शॅडोफॅक्स' या साध्या नावाने विंडहॅम हिलचा अल्बम येतो आणि बँडचा पोतच बदललेला असतो. सगळे इथे म्हणतात, 'बँड न्यू एज झाला.' अगं, पण वाजवणारी माणसं बघ ना! ग्रीनबर्ग, स्टिन्सन, मॅजिनी, नेविट हे चौघे तेच. भर पडली आहे ती जेमी श्माड्झिन्स्कीच्या व्हायोलिनची आणि एमिल रिचर्ड्सची. रिचर्ड्स हा लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत मुरलेला तालवादक, जगभरची तालवाद्यं गोळा करणारा. ड्रम किटचा दणका कमी झाला तेव्हा ती जागा लाकडाच्या आणि धातूच्या या नादांनी घेतली. हा बदल तुला वाद्यांच्या रकान्यात दिसेल. शिक्क्यात तो कधीच दिसणार नाही.

ग्रीनबर्गच्या लिरिकॉनबद्दल मात्र सविस्तर लिही. इथे कंजुषी करशील तर सगळं लिखाण वाया जाईल. हे फुंकून वाजवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य बिल बर्नार्डीने सत्तरच्या दशकात घडवलं आणि त्याच्या घडणीत खुद्द ग्रीनबर्गचा हात होता. दिसायला सोप्रानो सॅक्सोफोनसारखं, बोटं ठेवायची पद्धतही तशीच, मुखनळी बेस क्लॅरिनेटची. पण सॅक्सोफोनमध्ये मुखनळीतली पत्ती थरथरते आणि त्यातून नाद निघतो. इथली पत्ती थरथरत नाहीच. ओठांनी ती किती दाबली हे संवेदक मोजतो आणि त्यावर सूर थोडा वर-खाली सरकतो. फुंकेचा दाब वेगळा मोजला जातो आणि त्यावर आवाजाची पातळी आणि नादाचा रंग बदलतो. नाद निघतो तो तारेने जोडलेल्या वेगळ्या पेटीतून. म्हणजे श्वास माणसाचा, कंठ यंत्राचा.

इथे ऐकणाऱ्याची हमखास गफलत होते. कुणी त्याला बासरी म्हणतं, कुणी सोप्रानो. तू 'सिंथेसायझरची धून' म्हणालीस आणि ती कीबोर्डवाल्याच्या खात्यावर टाकलीस. ओळखायचं कसं? सुराच्या सुरुवातीकडे कान दे. सॅक्सोफोनवर जिभेचा आघात आणि पत्तीची किंचित खरखर असते, बासरीवर फुंकेचा सळसळाट. लिरिकॉनचा सूर मात्र खरखरीशिवाय उमलतो आणि तरीही श्वासासारखा फुगत, ओसरत जातो. त्या काळच्या साध्या कीबोर्डवर एकच स्वर धरून असा भरवता येत नसे. ग्रीनबर्ग १९८२ च्या अल्बमवर खरा सॅक्सोफोनही वाजवतो, म्हणून अंदाज करायचा नाही. श्रेयनामावली उघडायची. कोणी, कशावर, केव्हा. गिटारवादक विल ॲकरमनच्या १९८३ च्या 'पास्ट लाइट'मधलं 'व्हिजिटिंग' लाव. तिथे आसपास गर्दी कमी आहे, त्यामुळे ग्रीनबर्गचं लिरिकॉन कानात स्वच्छ बसेल. मग शॅडोफॅक्सकडे परत ये.

तू विचारशील, मग हे 'न्यू एज' प्रकरण आलं कुठून? त्याचंही उत्तर तारखांत आहे. विंडहॅम हिल ही कंपनी त्याच विल (विल्यम) ॲकरमन आणि ॲन रॉबिन्सन यांनी १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू केली. सुरुवात एकट्या अकूस्टिक गिटारची. पुढे जॉर्ज विन्स्टनच्या पियानोने तिला प्रचंड श्रोता मिळवून दिला. कंपनीच्या मुखपृष्ठांना पांढरा काठ आणि आत बहुधा निसर्गाचं शांत छायाचित्र. लांबूनही ओळखू यायचं. त्यामुळे दुकानात त्या काठाचे सगळे अल्बम शेजारी मांडले गेले आणि आत कोण काय वाजवतंय याच्याशी त्या मांडणीचा संबंध उरला नाही. १९८३ च्या 'शॅडोडान्स'वर डॉन चेरीचं 'ब्राउन राइस' आहे. जॅझमधल्या ऑर्नेट कोलमनच्या शेजारी उभा राहून ट्रंपेट वाजवलेला माणूस तो! पण मुखपृष्ठ बघून निकाल देणाऱ्याला हे कुठून कळणार?

पुरस्कारांचंही तेच. ग्रॅमी या अमेरिकी संगीत पुरस्कारांत जॅझ फ्यूजनचा वेगळा विभाग १९८० मध्ये आला आणि पहिला मान वेदर रिपोर्टला मिळाला. न्यू एजचा विभाग १९८७ पासून. पहिला विजेता आंद्रेआस फोलेनवायडर. दुसऱ्याच वर्षी तो मिळाला युसेफ लतीफला. आयुष्यभर जॅझच्या मंचावर उभा राहिलेला आणि 'जॅझ' हा शब्दच नको म्हणणारा हा माणूस! १९८९ मध्ये शॅडोफॅक्सला, 'फोकसाँग्ज फॉर अ न्यूक्लियर व्हिलेज'साठी. आता कंपनीच्या रकान्यात बघ: हा अल्बम १९८८ मध्ये कॅपिटॉलने काढला. तू लिहिलंस, 'विंडहॅम हिलच्या सौम्य शैलीला मिळालेली पावती.' विंडहॅम हिल तोवर मागे पडली होती, पोरी! एका रकान्यात डोकावली असतीस तर हे वाक्य लिहिलं गेलंच नसतं.

मी कठोर बोलतोय, ठाऊक आहे. या तक्त्याच्या हट्टापायी माझ्यावर बरेच जण वैतागले आहेत. 'संगीतावर लिहायचंय, जमाखर्च नाही मांडायचा' असं ऐकवतात. ऐकवू देत. प्रकारांच्या वादात मुरलेली पानं दहा वर्षांत शिळी होतात, हे मी फार उशिरा मान्य केलं. ती पानं आता उघडवत नाहीत. कोणत्या वर्षी कुणाच्या हातात कोणतं वाद्य होतं, ही नोंद शिळी होत नाही आणि तिच्याशिवाय लिहिलेली रसाळ वाक्यं मला वाचवत नाहीत. हा माझा दोष असेल तर असू दे. तुझा कान चांगला आहे. 'एंजल्स फ्लाइट'वर लिहिलेल्या तुझ्या चार ओळी सुरेख आहेत, कारण तिथे तू ऐकत होतीस. बाकी पानांत तू वाद घालत होतीस.

नंतरचा भाग आटोपशीर ठेव. १९९० मध्ये प्रायव्हेट म्युझिककडून 'द ऑड गेट ईव्हन', १९९२ मध्ये 'एस्पेरांतो', १९९४ मध्ये 'मॅजिक थिएटर'. कंपन्या बदलत गेल्या. व्हायोलिनवर मधल्या काळात चार्ली बिशारत होता, ते नोंदव. सप्टेंबर १९९५ मध्ये ग्रीनबर्ग हृदयविकाराच्या झटक्याने गेला आणि बँड थांबला. 'एका युगाचा अंत' वगैरे नको. त्या बँडचा मुख्य आवाज एका माणसाच्या फुंकेवर चालत होता, हे तू आधी नीट सांगितलं असलंस तर वाचकाला पुढचं आपोआप कळेल.

आता एक काम. 'वॉटरकोर्स वे' हीच रचना त्यांनी दोनदा ध्वनिमुद्रित केली आहे, १९७६ च्या अल्बमवर आणि पुन्हा 'शॅडोडान्स'वर. 'साँग फॉर माय ब्रदर'चंही तसंच, पण सुरुवात पहिल्याने कर. हेडफोन लावून प्रत्येक ध्वनिमुद्रण तीनदा ऐक: एकदा फक्त बेस, एकदा फक्त तालवाद्यं, एकदा फक्त सुषिर वाद्यं आणि व्हायोलिन. तिन्ही एकदम ऐकायला जाशील तर वरची धूनच लक्षात राहील. कोणतं वाद्य कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला शिरतं आणि कधी गप्प होतं, ते लिही. शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह टाक, अंदाज ठोकून देऊ नकोस. १९८५ ची आवृत्ती ऐकत असशील तर तसं वर लिही, कारण ती मूळ रेकॉर्डशी ताडून बघायची आहे.

दोन्ही नोंदी शेजारी-शेजारी मांडून मला पाठव. परिच्छेद सध्या नकोत.

तुझा,
पत्राची वाट पाहणारा

ता. क. 'एंजल्स फ्लाइट'वरच्या त्या चार ओळी मात्र फाडू नकोस. वेगळ्या कागदावर काढून ठेव.