20-25 जणांच्या जेवणाला इटालियन पद्धतीचं पोटभरीचं सॅलड कसं करावं?

तुम्ही लिहिलंय की प्रत्येकाने एक पदार्थ घेऊन जायचा असं जेवण आहे, तुमच्या वाट्याला सॅलड आलंय आणि मागच्या वेळी नेलेलं पास्ता-मेयोनीज दोन तासांत लिबलिबीत झालं. होणारच. शिजलेला पास्ता गार झाला की चिकटतो, आणि आपल्या मे महिन्यात मेयोनीज टेबलावर दोन तास ठेवणं हे पोटाशी वैर आहे. खाली दुसऱ्या एका उत्तरात कोणीतरी सीझर सॅलड सुचवलंय. ते इटलीतलं नाही. सीझर कार्दिनी नावाच्या इटालियन माणसाने 1924 साली मेक्सिकोतल्या तिहुआना गावात आपल्या हॉटेलात ते केलं. शिवाय त्याची पानं मोजून दहा मिनिटं कुरकुरीत राहतात.

पान्झानेल्ला करा. शिळ्या पावाचं सॅलड. इटलीतल्या तोस्काना भागातल्या शेतकऱ्यांचा हा पदार्थ. आधी करून ठेवला तर बिघडत नाही, उलट मुरतो, आणि पाव असल्यामुळे पोट भरतं.

मी आठ वर्षं प्रवासी जहाजावर गार स्वयंपाकघरात होतो. सॅलडं, कापलेली फळं, चीज, गार मांस, सगळं आमच्याकडून जायचं. आमचा मोठा शेफ तोस्कानातल्याच लिव्होर्नोकडचा होता. पान्झानेल्ला तो आम्हा कोणाच्या हाती देत नसे, पहिलं वर्षभर मी नुसता बाजूला उभा राहून बघायचो. कडक झालेला पाव पाण्यात टाकायचा, पाण्यात चमचाभर व्हिनेगर. मग मूठभर पाव उचलून दोन्ही तळव्यांमध्ये दाबायचा. धार थांबेपर्यंत, मग थेंब थांबेपर्यंत. मूठ उघडली की पाव बोटांनी हलका मोकळा करायचा, आपण शिळ्या भाकरीचा कुस्करा करतो अगदी तसा. दाण्यासारखा सुटला तर ठीक. पिठाच्या गोळ्यासारखा झाला तर तो अख्खा पाव कचऱ्यात, कारण तो पुरेसा शिळा नव्हता.

हे सगळं शिकून मी गोव्यात डिचोलीला घरी आलो आणि आईच्या पंच्याहत्तरीला ते करायचं ठरवलं. चाळीस माणसं होती. आदल्या सकाळी पोदेराकडून, म्हणजे आमच्या पाववाल्याकडून, तीस उंडे (कडक कवचाचे छोटे गोल पाव) घेतले, फोडून सुपात पसरले आणि वर पंचा टाकून माळ्यावर ठेवले. दुसऱ्या दिवशी ते इतके कडक झाले होते की बोटाने टकटक वाजत. दहा वाजता परातीत पाव भिजवून पिळत बसलो होतो. दादा आत आला, परातीकडे बघितलं आणि त्याच्या व्याह्यांच्या देखत म्हणाला, "आठ वर्सां बोटीर तण कातरून आयलो, आनी आतां सोयऱ्यांक शिळो पाव!" (आम्ही घरात कोंकणी बोलतो. म्हणजे, आठ वर्षं बोटीवर गवत कापून आला आणि आता पाहुण्यांना शिळा पाव.) मी हात धुवायला गेलो तेवढ्यात परात उचलून मागच्या पडवीत गेली, म्हशीच्या पाण्याच्या बादलीशेजारी. पंगतीत वाढलीच नाही. वहिनींनी झाकण मात्र घातलं होतं, ते मला नंतर कळलं.

संध्याकाळी माणसं पांगल्यावर आई मागे गेली. मी शोधत गेलो तर ती पायरीवर बसून वाटीत घेऊन खात होती. सकाळपासूनचा टोमॅटोचा रस, तेल, कांदा सगळं पावात उतरलं होतं. तिने दुसऱ्यांदा वाटी भरली आणि म्हणाली, "बरें जालां रे." मग म्हणाली, आपण पोळी फोडणीला टाकतो तसंच की. तिला तोस्काना ठाऊक नव्हतं, तरी पदार्थ काय आहे ते तिने एका घासात ओळखलं. माझा दादा आठवड्यातून तीन सकाळी फोडणीची पोळी खातो. ती कालची पोळी असते. तिला तो कधी शिळी म्हणत नाही.

तुम्ही प्रमाण विचारलंय. बाकी पदार्थ असतील असं धरून 20-25 जणांसाठी: 15 उंडे, 2 किलो पिकलेले पण घट्ट टोमॅटो, 1 किलो काकडी, अर्धा किलो कांदे, 250 मिली ऑलिव्ह तेल, 100 मिली व्हिनेगर, अर्धा किलो कडधान्य भिजवून शिजवलेलं. मूळ पान्झानेल्लात कडधान्य नसतं. पण तोस्कानातल्या लोकांना बाकीचे इटालियन घेवडेखाऊ म्हणतात, इतका तिथे पांढरा घेवडा खाल्ला जातो. म्हणून मी आपले अळसांदे (गोव्याकडची मोठी चवळी) घालतो. ते शिजून फुटत नाहीत, आणि तुम्हाला पोटभरीचंच हवंय. मासे चालत असतील तर डब्यातला ट्यूना तेल निथळून वर मोकळा करा. घेवडा आणि ट्यूना ही तिथली नेहमीची जोडी आहे.

लिबलिबीत होण्यावर उपाय टोमॅटोत आहे. टोमॅटो चिरून दोन चमचे मीठ चोळा आणि चाळणीत अर्धा तास ठेवा, खाली भांडं. जो रस गळेल तो टाकू नका, त्यातच तेल आणि व्हिनेगर फेटा. तो रस पावाने प्यायला हवा, साधं पाणी नव्हे. त्यामुळे पाव आधी पाण्यात फार वेळ ठेवू नका, कवच नरम पडेपर्यंत बस्स. काकडीच्या बिया काढा. कांदा पातळ चिरून व्हिनेगरच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवा, उग्रपणा जातो. मीठ शेवटी चाखून घाला. तोस्कानातला पाव बिनमिठाचा असतो, आपल्या उंड्यात मीठ असतं. पुस्तकातलं प्रमाण जसंच्या तसं घेतलं तर खारट होतं.

व्हिनेगर माडाच्या सुरेचंच (माडीचं) घ्या. इटलीत ते लाल वाइनचं वापरतात, पण आपल्या व्हिनेगरची चव उंड्याला लागू पडते. शेवटी पोर्तुगिजांच्या वेळी यीस्ट मिळेना म्हणून पोदेर पाव फुगवायलाही माडाची सूरच वापरायचे.

तुळस घालू नका. आपल्या वृंदावनातली तुळस वेगळी, त्यांची बेझिल वेगळी. बेझिल हवीच असेल तर सब्जाचं रोप लावा, ते त्याच जातीचं आहे. त्याहून चांगलं, बाजारात घोळीची भाजी मिळाली तर तिची कोवळी पानं कच्चीच टाका. हे मी मनाने सांगत नाही. सोळाव्या शतकातल्या फ्लोरेन्सच्या ब्राँझिनो या चित्रकाराने कांद्याच्या सॅलडची स्तुती करणाऱ्या ओळी लिहिल्या, त्यात कांद्यासोबत काकडी आणि घोळच आहे. टोमॅटो या पदार्थात नंतर आला, अमेरिकेहून. आपल्याकडची मिरचीही तिकडूनच आली, आणि दादा हुमणात, म्हणजे माशाच्या कालवणात, ती मूठभर घालतो.

पाव कुठला, हे तुमच्या प्रश्नात नाही, पण सगळं त्यावरच आहे. उंडा घ्या. पोय, म्हणजे गोव्यातला कोंड्याचा चपटा पाव, आतून पोकळ असते, तिचे पातळ चामट पापुद्रे होतात. पॅकेटातला स्लाइस ब्रेड अजिबात नको, त्याचा लगदा होतो.

लोक शिळा पाव पाहून नाक मुरडतील अशी भीती वाटत असेल तर एक सांगतो. लपवू नका. भाजलेल्या पावाचं सॅलड वगैरे गोड नावं देऊ नका. विचारलं तर सरळ सांगा की कालचे उंडे आहेत आणि ते कालचेच हवेत. मी त्या दिवशी दादाला हे सांगायला हवं होतं. मी नुसता हात पुसत उभा राहिलो. दादा, तू हे वाचत असशील तर वाच. मी गवत कापत नव्हतो. रोज पहाटे चारला उठून दोन हजार माणसांच्या ताटातला गार भाग तयार करत होतो, आणि तुझ्या घराच्या स्लॅबचे पैसे त्यातूनच आले.

काही गोष्टी राहिल्या. पावसाळ्यात पाव माळ्यावर ठेवू नका, बुरशी येते. तुकडे करून मंद आचेवर ओव्हनमध्ये किंवा तव्यावर कडक करा. अळसांदे पूर्ण गार झाल्याशिवाय मिसळू नका. चीज, अंडं किंवा ट्यूना घालणार असाल तर तेवढं वेगळ्या डब्यात बर्फावर न्या आणि वाढताना घाला. बाकी सगळं निघण्याआधी तासभर मिसळलं तरी चालतं.

या मे महिन्यात आई ऐंशीची होतेय. पोदेराला चाळीस उंडे सांगून ठेवलेत, एक दिवस आधी द्यायला. या वेळी परात पंगतीत मधोमध असेल आणि वाढायला मी उभा असेन.