स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कमध्ये फॉर्म थेट एंटिटीला, म्हणजे डेटाबेसमधल्या नोंदीच्या क्लासला, जोडला तरी चालतो, मग मध्ये वेगळा क्लास कशाला?

चालतो, पण जोडू नका. कळमना मार्केटमधल्या एका संत्रा व्यापाऱ्यासाठी आवक नोंदवायचं ॲप करताना हीच चूक माझ्याकडून झाली होती. फॉर्मवर तारीख, क्रेट आणि भाव एवढंच होतं. 'मंजूर' हे फील्ड फक्त एंटिटीत. पण स्प्रिंग रिक्वेस्टमधल्या पॅरामीटरचं नाव बघतं आणि त्या नावाचा सेटर (फील्डमध्ये मूल्य भरणारी मेथड) सापडला की कॉल करतं. ते फील्ड फॉर्मवर होतं की नाही, हे त्याला ठाऊकच नसतं. टेस्टिंगवाल्या मुलीनं ब्राउझरमध्ये एक हिडन (पडद्यावर न दिसणारं) इनपुट घातलं आणि नोंद मंजूर होऊन बसली! 2022 मधली स्प्रिंगफोरशेल ही त्रुटीही याच डेटा बाइंडिंगच्या, म्हणजे रिक्वेस्टमधली मूल्यं ऑब्जेक्टमध्ये भरण्याच्या, वाटेनं आत शिरत होती.

म्हणून फॉर्मपुरतीच फील्ड असलेला वेगळा क्लास, म्हणजे डीटीओ (डेटा ट्रान्सफर ऑब्जेक्ट), करा, व्हॅलिडेशन (भरलेली माहिती तपासण्याचे नियम) त्यावर लावा आणि सर्व्हिसमध्ये एंटिटी हातानं भरा. दहा ओळी जास्त लिहाव्या लागतील, लिहा.

क्रेटची संख्या डीटीओत 'इंट' ठेवली तर रिकाम्या रकान्याला टाइपचा एरर येतो. 'इंटिजर' ठेवा, म्हणजे नल (मूल्य नाही) मिळेल आणि 'संख्या भरा' असं नीट सांगता येईल. तारखेचं तर खास बघा: डेट इनपुट पडद्यावर 15/12/2024 दाखवतं, पण पाठवतं 2024-12-15, म्हणून त्या फील्डवरच्या डेटटाइमफॉरमॅट ॲनोटेशनमध्ये आयएसओ (वर्ष-महिना-दिवस) द्या. आणि कंट्रोलरच्या मेथडमध्ये बाइंडिंगरिझल्ट (फॉर्ममधल्या चुका यात जमा होतात) हा डीटीओच्या लगेच पुढचाच पॅरामीटर हवा, नाहीतर चुकीचं भरल्यावर फॉर्म परत दिसण्याऐवजी सरळ 400 (चुकीची रिक्वेस्ट) हा एरर येतो.