त्रुटीत काढलेला अर्ज

पोरी,

तहसीलदार झालीस, पेढे पोचले. आता 'मॅडम' म्हणायला हवं, पण या पत्रापुरती पोरीच.

पुण्यात बाणेर रोडला यशदा या सरकारी संस्थेत प्रशिक्षण झालं की ऑफिस पेपरलेस करणार म्हणालीस. जरूर कर. फक्त आधी कपाटं आवर. 1980च्या दशकात अनिलकुमार लखीनांनी अहमदनगरला कलेक्टर असताना दफ्तर आणि टेबलांची फेररचना केली, तेव्हा टेबलावर संगणक नव्हता. लोक अजून 'लखीना पॅटर्न' म्हणतात.

आता माझी चूक सांगतो. लोकसेवा हक्काचा कायदा 2015 साली आला. प्रत्येक दाखल्याला मुदत, उशीर झाला तर 500 ते 5000 रुपये दंड. आमचा डॅशबोर्ड हिरवागार, एकही अर्ज थकीत नाही. वरून शाबासकी मिळाली, मी फुगलो.

मग एका सोमवारी मुळशीकडच्या एक आजी थेट केबिनमध्ये आल्या. नातवाच्या फीसवलतीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. प्लॅस्टिकच्या पिशवीत तीन पावत्या. पहिला अर्ज त्रुटीत, म्हणजे उणीव दाखवून परत: रेशनकार्ड अस्पष्ट. दुसरा: स्वयंघोषणापत्र नाही. तिसरा: आधारवर 'अनुसया', रेशनकार्डावर 'अनसूया'. तिन्ही शेरे मुदतीच्या आदल्या दिवशी मारलेले. दर वेळी नवा अर्ज, नवा नंबर, नवी मुदत. कॉम्प्युटरच्या लेखी काहीच उशीर नाही. आजींचे मात्र एसटीचे तीन हेलपाटे आणि बुडालेला रोज.

कारकुनावर ओरडणार होतो, पण मुळात चुकलो मीच. दर सोमवारच्या बैठकीत मी एकच विचारायचो, "थकीत किती?" त्यानं मला हवं ते उत्तर आणून दिलं. पुढच्या सोमवारपासून विचारायला लागलो, "एकाच कामासाठी दुसऱ्यांदा अर्ज कितीजणांना करावा लागला?" आणि सगळ्या त्रुटी पहिल्याच तपासणीत, एकदम लिहायच्या. दोन महिने ऑफिसात कुरकुर चालली. (तुझ्याही चालेल. मनावर घेऊ नकोस.)

सातबाऱ्याचंही तसंच. डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांत घरबसल्या मिळतो, फार मोठं काम झालंय ते. पण टाईप करताना चुकलेल्या नावाखाली डिजिटल सही आली की चूकसुद्धा खरी वाटायला लागते. जमीन महसूल कायद्याच्या कलम 155खालचे, नोंदीतल्या चुकांच्या दुरुस्तीचे अर्ज स्वतः वाच, जुन्या हस्तलिखित उताऱ्याशी ताडून.

रुजू झालीस की पहिल्याच आठवड्यात, चेहरा ओळखीचा होण्याआधी, सेतू केंद्रात, दाखल्यांचे अर्ज घेतात तिथल्या रांगेत उभी राहा. गाडी दोन चौक अलीकडे सोड, शिपायाला सांगू नकोस. बाहेरच्या झेरॉक्सवाल्याशी बोल. कुठल्या टेबलावर काय त्रुटी निघते, हे तो तुला कारकुनाआधी सांगेल. चहा मागवेल, तो घे. पैसे मात्र तू दे.

तुझा,
काका