घरातला वीजवापर मोजायला कोणतं यंत्र घेऊ? नवा मीटर फास्ट आहे असं सगळे म्हणतात, ते खरं असतं का?

प्रश्नातलं दुसरं वाक्य वाचलं नसतं तर कदाचित उत्तर लिहिलंच नसतं. यंत्र कोणतं घ्यायचं ते खाली सांगतो, पण आधी मीटरचं बघू. 'मीटर फास्ट आहे' हे वाक्य वायरिंगच्या कामात रोज कानावर येतं आणि बहुतेक वेळा ते चुकीचं असतं. घरगुती इलेक्ट्रॉनिक मीटर क्लास १.० चा असतो, म्हणजे मान्य फरक सुमारे एक टक्का. बिल दीडपट झालं असेल तर तो फरक मीटरचा नाही. वीज कुठेतरी खरंच वाहतेय आणि कुठे ते तुम्हाला माहीत नाही.

एक केस पूर्ण सांगतो, कारण असल्या तक्रारींचं मूळ फार वेळा इथेच सापडतं.

डोंबिवलीतली बिल्डिंग, दोन भावांचे एका भिंतीला लागून दोन फ्लॅट, मीटर वेगवेगळे. धाकट्याचा जुना मीटर बदलून नवा लागला आणि त्याचं बिल १५० युनिटवरून थेट २७० वर गेलं. घरात नवीन काही घेतलं नव्हतं. मोठ्याचं बिल त्याआधीपासूनच ३६० च्या आसपास येत होतं, पण ते त्याच्या एसीच्या नावावर खपून जात होतं. सोसायटीच्या ग्रुपवर निकाल लागून गेला: नवे मीटर फास्ट आहेत, सगळ्यांनी मिळून तक्रार करा.

मीटर रूममध्ये दोन्ही मीटरवर 'अर्थ'चा लाल दिवा लागलेला होता. हा दिवा फेजमधून, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरमधून, गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून, म्हणजे परतीच्या वायरमधून, परत आलेला करंट जुळत नसला की लागतो. टाँग टेस्टर, म्हणजे क्लॅम्प मीटर, दोन्ही घरांच्या डीबीमध्ये (घरातली वीज वाटपाची पेटी) मेन वायरवर लावला. मोठ्याकडे फेज २.१ अँपिअर, न्यूट्रल ०.४. धाकट्याकडे फेज ०.९, न्यूट्रल २.६. दोन्हीकडे फरक १.७, फक्त दिशा उलट. जो करंट मोठ्याच्या फेजमधून बाहेर पडत होता तोच धाकट्याच्या न्यूट्रलमधून परत जात होता.

कारण इन्व्हर्टर. दोन घरांत मिळून एकच घेतला होता आणि तो मोठ्याकडे ठेवला होता. ज्या वायरमनने तो जोडला त्याने धाकट्याच्या पंखे-दिव्यांसाठी भिंतीतून इन्व्हर्टरची एकच वायर पलीकडे नेली, फेजची. न्यूट्रल तिकडच्या डीबीतलाच वापरला. लाइट असताना इन्व्हर्टर बाहेरची वीज तशीच पुढे सोडतो. म्हणजे धाकट्याचे चार पंखे, ट्यूब, टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स मोठ्याच्या मीटरच्या फेजवर चालत होते आणि करंट धाकट्याच्या मीटरच्या न्यूट्रलमधून परत जात होता. आपल्याकडचे सध्याचे सिंगल फेज मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्ही मोजतात आणि त्यात जो जास्त असेल त्यावर युनिट धरतात. वीजचोरी पकडण्यासाठी ही सोय आहे. त्यामुळे तीच वीज दोन्ही मीटरवर लागत होती. धाकट्याचा जुना मीटर फक्त फेज मोजणारा होता, म्हणून तोवर ही गोष्ट झाकली गेली होती. नव्या मीटरने ती उघड केली, एवढंच.

आता पैशात बघा. १.७ अँपिअर म्हणजे साधारण ३९० वॉट. दिवसाला सरासरी दहा तास धरले तर महिन्याला सुमारे १२० युनिट. महावितरणच्या २०२४-२५ च्या दरपत्रकात घरगुती वीज आकार १०० युनिटपर्यंत ४.७१ रुपये, १०१ ते ३०० ला १०.२९, ३०१ ते ५०० ला १४.५५ आणि त्यापुढे १६.६४ होता. त्यावर प्रत्येक युनिटला १.१७ वहन आकार आणि एकूण रकमेवर १६ टक्के वीज शुल्क. मोठा २४० वरून ३६० वर गेला, म्हणजे ६० युनिट १०.२९ ने आणि ६० युनिट १४.५५ ने. इंधन समायोजन आकार सोडूनही जवळपास १,८९० रुपये. धाकट्याचे १५० वरून २७० झाले, त्याचे सुमारे १,५९५. एकाच १२० युनिटचे दोन घरांनी मिळून महिन्याला साडेतीन हजारांच्या आसपास भरले.

यावर त्या वायरमनचं उत्तर ठरलेलं: 'न्यूट्रल काय, कुठूनही घेतला तरी न्यूट्रलच.' हे वाक्य ज्याच्या तोंडी असेल त्याला घरात घेऊ नका. ज्या फेजवरून वीज घेतली त्याच सर्किटचा न्यूट्रल परत आला पाहिजे, यात तडजोड नाही. बिल तर वाढतंच, पण त्याहून वाईट म्हणजे धाकट्याने दुरुस्तीसाठी आपला डबल पोल मेन (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा मुख्य स्विच) बंद केला तरी इन्व्हर्टरवरून आलेली फेज त्याच्या पंख्यांत जिवंतच राहते. पंखे बंद पडलेले दिसतात आणि न्यूट्रलच्या वायरला हात लावला की झटका बसतो. आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवला असता तर हा घोळ पहिल्याच दिवशी कळला असता, कारण ३० मिलीअँपिअरचा फरक पडला की तो पडतो. पण 'सारखा पडतो' म्हणून आरसीसीबी काढून टाकणारे किंवा बायपास करणारेही हेच लोक. आरसीसीबी पडतोय म्हणजे काहीतरी गळतंय किंवा न्यूट्रल मिसळलाय. तो काढू नका, कारण शोधा.

त्या घरांत उपाय सोपा होता. धाकट्याचे पंखे-दिवे त्याच्या स्वतःच्या फेजवर परत घेतले, त्याला छोटा वेगळा इन्व्हर्टर दिला, भिंतीतली वायर दोन्ही टोकांना तोडून बंद केली आणि दोन्ही डीबीत डबल पोल मेन व आरसीसीबी बसवले. दोन्ही मीटरवरचा लाल दिवा तिथल्या तिथे विझला. एका कनेक्शनवरून दुसऱ्या घराला वीज देणं नियमातही बसत नाही, त्यामुळे फक्त न्यूट्रलची दुसरी वायर ओढून वेळ मारून नेऊ नये.

आता तुमचं घर. मोजण्याचं सगळ्यात चांगलं यंत्र तुमच्याकडे आधीच आहे, तो मीटरच. त्याच्या पाटीवर '३२०० इम्पल्स प्रति किलोवॉट तास' असा आकडा असतो. काही मीटरवर १६०० किंवा ६४०० असतो. इम्पल्सचा लाल दिवा ('अर्थ'चा नव्हे) तितक्या वेळा लुकलुकला की एक युनिट. ३२०० च्या मीटरवर एका मिनिटात जितक्या वेळा लुकलुकेल त्याला १८.७५ ने गुणा, त्या क्षणी चालू असलेला लोड वॉटमध्ये मिळतो. १६०० असेल तर ३७.५ ने, ६४०० असेल तर ९.३७५ ने. मीटर तळमजल्यावर असेल तर एक जण खाली, एक वर आणि फोन चालू. डिस्प्लेवर आकडे फिरत असतात, त्यात केडब्ल्यूएच लिहिलेला तो युनिटचा. एमडी लिहिलेला आकडा कमाल मागणीचा असतो, तो युनिट समजू नका.

पहिली चाचणी: घरातला मेन बंद करा आणि पाच मिनिटं मीटर बघा. एकदाही लुकलुकला नाही पाहिजे. लुकलुकला तर मीटर आणि तुमच्या डीबीच्या मध्ये कुणीतरी जोडलंय किंवा केबल गळतेय. तुमचा मेन सिंगल पोल असेल तर तो फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो, त्यामुळे शेजारचा मिसळलेला न्यूट्रल असला तरी मीटर फिरतो. मेन डबल पोल असेल आणि तो बंद केल्यावर शेजाऱ्याचा दिवा गेला, तर तिथेच उत्तर मिळालं.

दुसरी चाचणी रात्री, सगळे झोपल्यावर. पंखे, एसी बंद, फ्रिजचा प्लग तेवढ्यापुरता काढा आणि मोजा. मिनिटाला दोन-तीन लुकलुकी, म्हणजे ४०-५५ वॉट, इथपर्यंत ठीक. सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी १० वॉटच्या आसपास खातो, राउटर तितकाच. इन्व्हर्टर बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. बॅटरी खराब झाली की ती फुल होतच नाही आणि चार्जिंग दिवसरात्र चालू राहतं. सतत १०० वॉट म्हणजे महिन्याला ७२ युनिट, हा हिशोब पाठ करून ठेवा. आकडा जास्त आला तर डीबीतले एमसीबी (प्रत्येक सर्किटचे छोटे स्विच) एकेक करून बंद करत जा आणि प्रत्येक वेळी पुन्हा मोजा. ज्या एमसीबीला आकडा धाडकन खाली येईल ते सर्किट धरा.

यानंतरच यंत्र. प्लगमध्ये लावायचा वीजमापक घ्या, पण १६ अँपिअरचा. १० अँपिअरचे स्वस्त स्मार्ट प्लग गीझर किंवा एसीला लावले की प्लास्टिक वितळू शकतं. फ्रिज किमान दोन-तीन पूर्ण दिवस मोजा, कारण कॉम्प्रेसर चालू-बंद होत असतो आणि तासाभराच्या आकड्याला काही अर्थ नसतो. अडीचशे लिटरचा चांगला फ्रॉस्ट-फ्री फ्रिज दिवसाला एक युनिटच्या आतच राहतो. दोन-अडीच दाखवत असेल तर आधी दाराचं रबर बघा: कागद दारात धरून दार लावा, कागद सहज ओढता आला तर रबर गेलं. रबर ठीक असेल तर डीफ्रॉस्ट हीटर (आतला बर्फ वितळवणारा) चालूच अडकलेला असू शकतो. गीझरचं तर मोजायचीही गरज नाही. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला ०.६ युनिट लागतंच, गीझर २००० वॉटचा असो की ३००० चा. वाया जातं ते दिवसभर चालू ठेवल्यावर. डीबीत बसणारे वायफायवाले क्लॅम्पचे मॉनिटरही मिळतात. ते चांगले, पण क्लॅम्प फक्त फेजच्या वायरवरच लावायचा. दोन्ही वायर एकत्र धरल्या की शून्य दाखवतो आणि लोक यंत्र परत करतात. टीओडी मीटर (दिवसाच्या वेळेनुसार वापर नोंदवणारा) लागला असेल तर महावितरणच्या ॲपवर वापर दिसतोच, मग मॉनिटरची घाई नको.

'पॉवर सेव्हर' नावाची प्लगमधली डबी मात्र घेऊ नका. आत एक कपॅसिटर असतो, तो पॉवर फॅक्टर सुधारतो. घरगुती बिल किलोवॉट तासावर येतं, पॉवर फॅक्टरवर नाही. एक रुपयाही वाचत नाही.

आता काही गोष्टी ज्या आधीच सांगायला हव्या होत्या. बिलावर 'लॉक' किंवा सरासरी असं काही असेल तर तो आकडा तुमचा वापर नाहीच. रीडिंगचा फोटो आणि मीटर जुळवून बघा. दोन बिलांची तुलना करताना युनिटला दिवसांनी भागा, कारण एक बिल २८ दिवसांचं आणि दुसरं ३४ दिवसांचं असू शकतं. दुप्पट लागण्याचा वरचा हिशोब दोन्ही घरं एकाच फेजवर असतील तर तंतोतंत लागू होतो. बिल्डिंगला थ्री फेज येत असेल आणि घरं वेगवेगळ्या फेजवर असतील तर न्यूट्रलमधला करंट तसा सरळ मिळवता येत नाही, पण अर्थचा दिवा तरीही लागतो. टाँग टेस्टर डीबीतच लावायचा आणि तोही परवानाधारक वायरमनने. मीटरचं सील कुणीही उघडायचं नाही.

आणि हो, मीटर कधीकधी खरंच बिघडतो. तपासायचा असेल तर प्लगचा मापक आणि एक इस्त्री किंवा किटली घ्या, बाकी सगळं बंद करा, अर्धा तास चालवा आणि दोन्ही आकडे जुळवा. इस्त्रीच्या पाटीवरच्या वॉटवर विसंबू नका. २३० ऐवजी २१० व्होल्ट येत असतील तर १००० वॉटची इस्त्री ८३४ वॉटच खाते. दोन आकड्यांत पाच टक्क्यांहून जास्त फरक आला तर आठवडाभराची रोजची रीडिंग लिहून महावितरणकडे मीटर तपासणीचा अर्ज करा आणि शुल्काची पावती जपून ठेवा.