सीएलसीएन-७चा रिपोर्ट आला: कोणाची तपासणी करायची, काय टाळायचं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवऱ्याचं वय ३२, कोल्हापूरच्या उजळाईवाडीजवळ मोटारसायकल घसरून मांडीचं हाड मोडलं आणि एक्स-रेत सगळीच हाडं पांढरीफटक दिसली. रक्ताच्या तपासणीत सीएलसीएन-७ या जनुकाच्या एका प्रतीत बदल सापडला, प्रथिनातल्या २१५व्या जागी ग्लायसिन या अमिनो आम्लाऐवजी आर्जिनिन. (प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून.) घरात नणंदेचं लग्न मामेभावाशी ठरतंय. आणि या आजारात मुलं लहानपणीच दगावतात असं तुमच्या वाचनात आलं, म्हणून तुम्ही घाबरलाय.

वाचलंत ते खोटं नाही, पण ते दोन्ही प्रती बिघडलेल्या बाळांबद्दल आहे. तुमच्या नवऱ्याची एकच प्रत बिघडलेली आहे. या अवस्थेला ऑस्टिओपेट्रोसिसचं, म्हणजे हाडं नको तितकी दाट होण्याच्या आजाराचं, प्रौढ रूप म्हणतात; हँबुर्गचे रेडिओलॉजिस्ट अल्बर्स-शोनबर्ग यांनी १९०४ साली त्याचं पहिलं वर्णन केलं. म्हणून रिपोर्टात जनुकाचं नाव वाचून थांबू नका. बदल कोणता आणि किती प्रतींत, यावर पुढचं सगळं ठरतं.

आतमध्ये नेमकं काय बिघडतं ते सांगतो. जुनं हाड खाऊन काढणाऱ्या पेशी, म्हणजे ऑस्टिओक्लास्ट, हाडाला घट्ट चिकटतात आणि खालच्या बंदिस्त पोकळीत आम्ल सोडतात. तिथला पीएच ४.५च्या आसपास उतरतो तेव्हा कुठे हाडातलं खनिज विरघळतं. आम्लपणा ज्यांच्यामुळे येतो ते प्रोटॉन, म्हणजे धनभारित कण, ढकलणारा पंप वेगळा असतो. पण नुसते धन प्रोटॉन साचत गेले तर विद्युतभारामुळे पंप अडतो. तो भार फेडायचं काम सीएलसीएन-७चं प्रथिन करतं: २ क्लोराइड पोकळीत, १ प्रोटॉन परत पेशीत. हे अडलं की आम्ल पुरेसं तयार होत नाही, जुनं हाड निघत नाही आणि त्यावरच नवं चढत जातं. एक्स-रेत हाड भक्कम दिसतं, प्रत्यक्षात जुन्या बारीक चिरा तशाच राहिल्याने ते ठिसूळ असतं.

एका प्रतीच्या बदलानेही आजार का होतो? हे प्रथिन जोडीने काम करतं. निम्मी प्रथिनं बिघडलेली असली तर चारांतली एकच जोडी पूर्ण निरोगी बनते. याउलट एखाद्या प्रतीतून प्रथिनच तयार होत नसेल तर निरोगी प्रतीच्या जोड्या बिनधोक चालतात. गंभीर आजार झालेल्या बाळांचे आईवडील बहुधा ठणठणीत असतात ते यामुळेच.

आता नणंदेचा विषय, कारण घाई तिथे आहे. तुमच्या नवऱ्यात हा बदल आईकडून आला की वडिलांकडून, हे आधी काढा. नुसत्या एक्स-रेवर जाऊ नका: बदल असलेल्यांपैकी साधारण दोन तृतीयांश लोकांतच आजार दिसतो, बाकीच्यांचा एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो. सासू, सासरे आणि नणंद, तिघांचंही जांभळ्या टोपणाच्या नळीत थोडं रक्त घेऊन फक्त हाच एक बदल तपासायला सांगा. संपूर्ण पॅनल, म्हणजे अनेक जनुकांची एकत्र तपासणी, पुन्हा करायची गरज नसते आणि खर्चही बराच कमी येतो. नवऱ्याच्या रिपोर्टाची प्रत सोबत द्या, नाहीतर प्रयोगशाळेला काय शोधायचं तेच कळत नाही.

बदल सासऱ्यांकडचा निघाला तर मामाच्या घराकडे तो जायचं एरवी कारण नाही. सासूकडचा निघाला तर मात्र मामातही असण्याची शक्यता निम्मी, आणि मामेभावात पाव. नणंद आणि मामेभाऊ दोघांतही असला तर दर गरोदरपणात चारांत एक शक्यता बाळाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याची. कोल्हापूर, सांगली, बेळगाव पट्ट्यात आते-मामे लग्नं सर्रास होतात, म्हणून हे इतकं स्पष्ट लिहितोय. साखरपुड्याआधी तपासणी करा, आणि ती मुलाचीही करा. सगळा बोल मुलीवर येऊ देऊ नका.

तुमच्या स्वतःच्या बाळाला एक बिघडलेली प्रत मिळण्याची शक्यता निम्मी. मिळाली तरी ते प्रौढ रूप, बालपणीचं गंभीर रूप नव्हे.

ते गंभीर रूप पहिल्या वर्षातच दिसतं: रक्त कमी होऊन अंग पांढरट पडणं, वाढलेली प्लीहा, नजर न ठरणं, कॅल्शियम उतरून झटके. उपाय अस्थिमज्जा प्रत्यारोपण, तेही नजर जायच्या आत, कारण गेलेली नजर परत येत नाही. या जनुकाच्या काही बाळांत मेंदूही बाधित असतो आणि प्रत्यारोपणाने तो सुधारत नाही, म्हणून आधी ईईजी आणि एमआरआय करतात. असं बाळ कुणाच्या ओळखीत असेल तर राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण, २०२१ यात ऑस्टिओपेट्रोसिसचा समावेश आहे आणि मुंबईचं केईएम रुग्णालय त्यातलं नेमलेलं केंद्र आहे.

नवऱ्याच्या बाबतीत सगळ्यात मोठा धोका औषधाचा. हाड मोडलं म्हणजे ठिसूळपणा, असं धरून कुणी अलेंड्रोनेट, झोलेड्रॉनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब लिहून दिलं तर घेऊ नका. ही औषधं ऑस्टिओक्लास्टनाच दाबतात, आणि इथे मुळात त्याच पेशी लंगड्या आहेत. कॅल्शियमच्या गोळ्यांचा मारा नको. ड जीवनसत्त्व मोजून कमी असेल तेवढंच भरून काढा.

दातांकडे दुर्लक्ष नको. दात काढल्यावर जबड्याच्या हाडात पू होऊन तो महिनोन्महिने हटत नाही, म्हणून किडका दात वेळेत भरून घ्या आणि मिश्री-तंबाखू असेल तर बंदच. वर्षातून एकदा डोळे, कान आणि रक्ताची मोजणी, कारण कवटीतली नसांची छिद्रं अरुंद होतात आणि मज्जेची जागा आक्रसते.

मांडीचं ऑपरेशन अजून व्हायचं असेल तर सर्जनना जनुकाचा रिपोर्ट आधीच दाखवा. मज्जेची नळी जवळपास बुजलेली असल्याने रॉड घालणं अवघड जातं, ड्रिलचे बिट तापून तुटतात. नवे बिट जास्तीचे हाताशी ठेवून, संथ गतीने, सतत सलाइन सोडत भोक पाडावं लागतं आणि स्क्रूआधी आटे पाडून घ्यावे लागतात. हाड जुळायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो, त्यामुळे एक्स-रेत जुळणी दिसल्याशिवाय पायावर भार टाकू देऊ नका.