दोन केबल, वाट एकच : होस्टच्या नेटवर्कविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न : सातपूरच्या आमच्या कारखान्यात ईएसएक्सआय होस्टवर (अनेक आभासी संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशिन, चालवणाऱ्या व्हीएमवेअरच्या सर्व्हरवर) १ गिगाबिटच्या दोन नेटवर्क कार्डांची टीम (एकत्र जोडी) आहे. तरीही एका व्हर्च्युअल मशिनवरून फाइल कॉपी करताना वेग १ गिगाबिटच्या पुढे जात नाही. सेटिंग चुकले आहे का?

उत्तर : सेटिंग बरोबर आहे, अपेक्षा चुकली आहे. मूळ धोरणानुसार मशिनचे आभासी कार्ड एकाच प्रत्यक्ष कार्डाशी बांधले जाते, आणि ते कार्ड बंद पडेपर्यंत तेथेच राहते. आयपी हॅश (पाठवणारा आणि घेणारा यांच्या आयपी पत्त्यांवरून कार्ड ठरवण्याची पद्धत) निवडल्यास वेगवेगळ्या पत्त्यांकडे जाणारी वाहतूक दोन्ही कार्डांवर वाटली जाते, परंतु दोन ठरावीक पत्त्यांमधली वाहतूक तेव्हाही एकाच कार्डावरून जाते. शिवाय साध्या व्हीस्विचवर (होस्टमधल्या आभासी स्विचवर) आयपी हॅश वापरायचे तर समोरच्या स्विचवर स्टॅटिक इथरचॅनेल (पोर्ट हाताने एकत्र बांधणे) करावेच लागते. वेग खरोखर हवा असेल, तर मी १० गिगाबिटचे कार्ड घेईन.

प्रश्न : गंगापूर रोडवरील आमच्या रुग्णालयात होस्टच्या दोन केबल दोन वेगळ्या स्विचना जोडल्या आहेत. एका स्विचकडून कोअर (मुख्य) स्विचकडे जाणारी केबल तुटली, तेव्हा निम्मी मशिन दिसेनाशी झाली. होस्टवर मात्र एकही इशारा आला नाही. फेलओव्हर (वाहतूक आपोआप दुसऱ्या कार्डावर वळणे) का झाला नाही?

उत्तर : कारण होस्टच्या दृष्टीने काही बिघडलेच नव्हते. 'फक्त लिंकची स्थिती' या मूळ पर्यायात होस्ट आपले कार्ड आणि त्याला जोडलेला स्विच यांच्यामधला दुवा जिवंत आहे की नाही, एवढेच पाहतो. स्विचच्या पलीकडची वाट तुटली तरी कार्डावरचा हिरवा दिवा लुकलुकत राहतो आणि मशिनची वाहतूक त्या बंद गल्लीत जात राहते.

यावर बीकन प्रोबिंग सुचवले जाते. त्यात टीममधील कार्डे एकमेकांना छोटी पॅकेट पाठवून वाट तपासतात. मात्र कार्डे दोनच असतील, तर पॅकेट पोहोचले नाही एवढेच कळते, दोषी कोणते ते ठरत नाही. म्हणून किमान तीन कार्डे हवीत. आयपी हॅशबरोबर तर हा पर्याय वापरूच नये. तुमच्याकडे दोनच कार्डे असल्याने स्विचवर लिंक स्टेट ट्रॅकिंगची सोय आहे का ते पाहा. त्यात कोअर स्विचकडची वरची केबल गेली की स्विच होस्टकडचे पोर्ट स्वतःहून बंद करतो, आणि मग साधी लिंक तपासणीही पुरेशी ठरते.

चाचणी घेताना बहुतेक जण होस्टच्या मागची केबल उपटतात आणि समाधानाने चहाला जातात. ती चाचणी उत्तीर्ण होणारच. लॅपटॉपवर पिंग (समोरून उत्तर येते का ते तपासणारी आज्ञा) चालू ठेवून स्विचची वरची केबल काढा.

प्रश्न : अंबडला वीज गेली की आमचा एक स्विच बंद पडतो. त्या वेळी काम अडत नाही. स्विच परत सुरू झाल्यावर मात्र अर्धा मिनिट नेटवर्क जाते. असे उलटे का होते?

उत्तर : स्विच जागा होताच लिंक उभी राहते, आणि फेलबॅक (आधीच्या कार्डावर परतणे) चालू असल्याने होस्ट वाहतूक परत तिकडे वळवतो. तो पोर्ट मात्र अजून स्पॅनिंग ट्रीच्या (वाहतूक गोल फिरू नये म्हणून स्विच करतो त्या तपासणीच्या) १५ सेकंद ऐकण्याच्या आणि १५ सेकंद शिकण्याच्या अवस्थांत असतो. होस्टकडच्या पोर्टवर पोर्टफास्ट (या अवस्था वगळणारी सोय) लावा. पोर्ट ट्रंक (एकाहून अधिक आभासी नेटवर्कांची वाहतूक नेणारा) असेल तर ट्रंकसाठीचा वेगळा पर्याय निवडावा लागतो, आणि नेमके तेच राहून जाते. त्या स्विचला यूपीएसही द्या.

प्रश्न : हायपर-व्हीवरील (विंडोजमध्ये व्हर्च्युअल मशिन चालवणाऱ्या सोयीवरील) जुनी एलबीएफओ टीम (विंडोजची जुन्या पद्धतीची कार्डांची टीम) विंडोज सर्व्हर २०२२ वर तशीच ठेवावी का?

उत्तर : नाही. २०१६ पासून उपलब्ध असलेली स्विच एम्बेडेड टीमिंग (आभासी स्विचमध्येच असलेली टीम) वापरा. तिला एलएसीपी (स्विचशी बोलून पोर्टांचा एकत्र चॅनेल बांधण्याची पद्धत) चालत नाही, म्हणून स्विचवरील जुना चॅनेल मोडावा लागेल. ते करताना होस्टचे नेटवर्क जाईल, तेव्हा हे काम घरून रिमोटने न करता सर्व्हरसमोर बसून करा.